चुन्याचं ऑपरेशन

"मावशी, पत्ता चुकला तुमचा. ह्याला खाटकाकडं न्यायचं असतंय."

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर माझ्या पिशवीत डोकावून हसला. म्हशीचा दोर धरून पायरीवर बसलेला एक गडीही हसला. पिशवीत ससा होता. पिशवीचा एक बंद माझ्या हातात होता, दुसरा माझ्या नातीच्या. वैजू नऊ वर्षांची होती. ती हसली नाही, रडलीही नाही. नुसता तिच्या हातातला बंद तिनं आणखी घट्ट धरला.

"डॉक्टर कुठं हायत?" मी विचारलं.

"कळंबीला. गाय अडलीया. अन् असते तरी काय केलं असतं? हितं गाय, म्हैस, शेळी. फार तर कोंबडी. सशाचा रकानाच न्हाई आमच्या वहीत."

"मग आखा की एक. सरकारनं पट्टी दिली न्हाई व्हय?"

आता तो गडी कंपाउंडरला हसला. पण त्यानं सशाचं काही भागलं नाही. आम्ही दोघी उन्हातून परत निघालो.

ही तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट, मिरजेची. मी तेव्हा एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची आया होते. बावीस वर्षं झाली होती. मिरज हे डॉक्टरांचं गाव. डोळ्याला वेगळा डॉक्टर, हाडाला वेगळा, मेंदूला वेगळा. कर्नाटकातून, कोकणातून माणसं गाडीभरून येतात. पण एका सशाच्या गळ्याखाली लिंबाएवढं गळू झालं, तर दाखवायचं कुणाला, हे त्या गावात कुणालाही सांगता येत नव्हतं.

वैजू माझ्या मुलीची मुलगी. मुलीला, शालनला, पहिल्या नवऱ्यानं टाकलं. मग निपाणीकडच्या एका माणसानं तिला पदरात घेतलं, पण पोरीला घेतलं नाही. जानेवारीत शालन वैजूला माझ्याकडं सोडून गेली. "दोन महिन्यांत नेते गं तुला," असं पोरीला सांगून गेली. पोरीबरोबर कपड्यांची एक पिशवी होती आणि हा पांढराशुभ्र ससा. त्याचं नाव चुन्या.

पहिला महिना पोर माझ्याशी बोललीच नाही. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. बोलायची ती चुन्याशी, तेही त्याच्या कानात. मी थिएटरमधून आले की ती भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची आणि तिच्या मांडीवर तो. मग हळूहळू एकेक शब्द माझ्या वाट्याला यायला लागला. मेथी आण. गाजर आण. आज्जी, हा बघ उभा राहिला. असं करत करत दोन महिन्यांत ती माझ्या कुशीत झोपायला लागली. शालन काही आली नाही.

गळू आधी तिलाच लागलं हाताला. त्या रात्री जेवताना तिनं मला विचारलं, "आज्जी, तू माणसांना ऑपरेशनला नेतीस ना?"

"नेते की. गाडी ढकलायचं कामच माझं."

"सगळी परत येतात?"

"येतात."

"सगळी?"

"बहुतेक सगळी."

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मग ह्याला पण ने. आणि परत आण. शब्द दे."

मी तिच्या हातावर हात ठेवला. "दिला."

सरकारी दवाखान्यातून परत आल्यावर दोन दिवसांनी मी सुट्टी काढून वैजूला आणि चुन्याला घेऊन सांगलीला गेले. तिथं कुत्र्या-मांजरांचा एक डॉक्टर होता. पोरगेला, पण माणूस सरळ. त्यानं चुन्याला टेबलावर घेतलं, गळू चाचपलं आणि हात मागं घेतला.

"आजी, कापायला लागणार. ह्याचा पू दह्यासारखा घट्ट असतो, सुईनं निघत नाही. पण मी कापणार नाही."

"का?"

"भूल. कुत्र्याला किती द्यायची मला ठाऊक आहे. सशाला चार थेंब जास्त झाले तर तो उठत नाही. मी आजवर एकाही सशाला भूल दिलेली नाही. तुमच्या नातीसमोर खोटं कशाला बोलू? सशाचा माणूस शोधा."

सशाचा माणूस मला आमच्याच इस्पितळात सापडला, म्हणजे त्याचा पत्ता सापडला. आमच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये दस्तगीरभाई म्हणून जुने कामगार होते. मी त्यांच्यापुढं गाऱ्हाणं घातलं तेव्हा वैजू माझा डबा घेऊन आली होती, पदराला धरून उभी होती.

"अगं, मग किल्ला भागात जा की. मगदूम डॉक्टर," दस्तगीरभाई म्हणाले. "पुण्याकडं लशी-औषधं तपासायच्या कारखान्यात होते. माणसाला टोचायच्या आधी औषध सशाला टोचून बघायचे तिथं. तीस वर्षं हेच केलं. हजारांनी ससे गेले असतील त्यांच्या हाताखालून."

"गेले म्हणजे?" वैजूनं विचारलं.

दस्तगीरभाई जरा चपापले. "म्हणजे... मेले, बेटा. काही काही मेले. पण सशाची नस न् नस त्यांना ठाऊक. आता जनावराला हात लावत न्हाईत म्हणे. जैन माणूस. सख्ख्या भावानं घरात घेतलं न्हाई. बायको गेली, एकटेच ऱ्हातात. जाऊन बघ. न्हाई म्हणतील, पण जा."

मगदूम डॉक्टरांनी खरंच नाही म्हटलं. दारातच. उंच, वाकलेला माणूस, अंगात धुवट सदरा. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी ते काम सोडलं. अकरा वर्षं झाली."

"डॉक्टर, तुम्ही न्हाई तर कुणी न्हाई."

"मग कुणी नाही."

ते दार लावणार तेवढ्यात वैजूनं पिशवीतून चुन्याला काढलं आणि सरळ त्यांच्या हातात दिलं. त्यांना घ्यावंच लागलं. आणि घेतल्याबरोबर त्यांच्या हातांनी काय केलं ते मी पाहिलं. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, सशाचं तोंड आपल्या काखेत. इतके दिवस कुणीही धरलं तरी लाथा मारणारा चुन्या गप्प झाला. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते.

"खातो का?" त्यांनी विचारलं.

"एका बाजूनं खातो," वैजू म्हणाली. "कमी खातो."

"आत या."

आत एक टेबल, एक खाट, भिंतीला पुस्तकं. ओट्यावर मुंग्या लागल्या होत्या आणि त्यांना पुसून न टाकता त्यांच्या वाटेवर चिमूटभर साखर ठेवलेली होती. डॉक्टरांनी चुन्याचे दात बघितले, पोट दाबलं, गळू मोजलं. मध्येच मला म्हणाले, "तुमच्या इस्पितळात सलाईनच्या बाटल्या येतात ना? त्या बाहेर पडायच्या आधी त्या खेपेतली एक सशाच्या कानाच्या शिरेत टोचून बघायची. ताप आला नाही तर मग तुमच्याकडे."

मी तोवर किती बाटल्या वाहिल्या असतील. हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

"शनिवारी सकाळी आणा, आठ वाजता," ते शेवटी म्हणाले. "गळू मुळासकट काढतो. हे एकच. पुन्हा मला सांगायचं नाही." मग त्यांनी खिशातून दोन पेनं काढली आणि टेबलाशी बसून लिहायला लागले. "आधी काय करायचं, नंतर काय करायचं, सगळं लिहून देतो. आमच्याकडे तोंडी काही चालायचं नाही, तीच सवय आहे. तुम्हाला वाचता येतं ना?"

वैजू माझ्याकडं बघत होती. तिचं प्रगतिपुस्तक मी हातात धरून, मान डोलवून, अंगठ्याच्या जागी कशीबशी गिरवलेली सही करून परत द्यायची. चष्मा फुटलाय म्हणून धडा तूच वाचून दाखव, असं सांगायची. तिला वाटायचं, एवढ्या मोठ्या इस्पितळात काम करणारी आपली आज्जी शिकलेली आहे.

"बावीस वर्षं इस्पितळात हाय मी, डॉक्टर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. कागदावर पाच ओळी होत्या, निळ्या शाईच्या. चौथ्या ओळीखाली त्यांनी दुसऱ्या पेनानं तांबडी रेघ ओढली. एकदा, मग परत त्यावरूनच एकदा. "ही सांभाळा. बाकी चुकलं तर चालेल."

तांबडी रेघ मला कुणी शिकवायला नको होती. आमच्या वॉर्डात ज्या पेशंटचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असायचं, त्याच्या कागदावर संध्याकाळी सिस्टर तांबडी रेघ मारायची. तिचा अर्थ, तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आम्ही निम्म्या आया निरक्षर. आम्ही अक्षरं बघायचोच नाही, रेघ बघायचो. रेघ दिसली की उशाचा तांब्या उचलायचा, नातेवाइकांना दटावायचं, लपवलेली बिस्किटं काढून घ्यायची. बावीस वर्षांत माझ्या हातून एकदाही चूक झाली नव्हती. एकदा एका बाईनं चोरून चहा पाजला होता नवऱ्याला. तो टेबलावर ओकला, ते फुप्फुसात गेलं आणि तो तिथंच संपला. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मी वाचू कागद?" वाटेत वैजूनं विचारलं.

"मला कळलंय सगळं," असं म्हणून मी कागद चोळीत खोचला.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी चुन्याच्या खोक्यातलं गवत काढून घेतलं. मेथीच्या काड्या काढल्या. पाण्याची वाटी पालथी घातली. गवताची पेंडी उंच फळीवर टाकली, वैजूचा हात पोचणार नाही अशी.

"आज्जी, तो मागतोय."

"मागू दे. उद्या ऑपरेशन झालं की पोटभर."

"एक पान?"

"अगं, भूल दिल्यावर उलटी झाली तर श्वासात अडकून जीव जातो. मी बघितलंय. पोट रिकामं लागतं."

वैजू माझ्याकडं बघत राहिली, कौतुकानं. "तुला सगळं म्हाईत हाय," ती म्हणाली. मग ती खोक्यापाशी बसून चुन्याला समजावत राहिली की आज्जीला सगळं माहीत आहे, आज्जी रोज माणसांना वाचवते, एका रात्रीचा प्रश्न आहे. तो खोक्याचं लाकूड कुरतडत होता. झोप लागेपर्यंत मला तो आवाज येत होता. पहाटे उठले तेव्हा आवाज थांबला होता. मला वाटलं, शहाणा झाला.

शनिवारी वैजूची सकाळची शाळा. डॉक्टरांच्या फाटकापर्यंत ती आली, चुन्याच्या डोक्यावर नाक टेकवलं आणि दप्तर सावरत पळाली. मी एकटीच आत गेले. डॉक्टरांनी टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. हत्यारं उकळून तबकात मांडून ठेवली होती. अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते उभे होते, पूजेला बसणाऱ्या माणसासारखे.

"सकाळी काय काय खाल्लं ह्यानं?"

"काही न्हाई, डॉक्टर," मी म्हणाले. आणि माझ्या आवाजात काय होतं ते मला आजही ऐकू येतं. "काल पाचपासून एक काडी दिली न्हाई. पाण्याचा थेंब न्हाई. पोरीनं लई हट्ट केला, पण मी हलले न्हाई."

डॉक्टरांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग त्यांनी नळी कानाला लावली आणि चुन्याच्या पोटावर ठेवली. एका जागी, दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी. खूप वेळ.

"तो कागद आहे?"

मी चोळीतून काढून दिला. त्यांनी घेतला नाही. "चौथी ओळ वाचा."

मी कागद उघडला. सुलटा धरला, तेवढं मला यायचं. तांबडी रेघ होती. तिच्यावर अक्षरं होती. बाहेर गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तिचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला.

"तुम्हाला वाचता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"न्हाई."

हे मी बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाजवळ बोलले.

त्यांनीच वाचलं, न बघता. "'रात्रभर गवत समोर असू द्या, एक तासही उपाशी ठेवू नका.' सशाला उलटी होत नाही, बाई. ती वाटच नाही त्याला. त्याला उपाशी ठेवायचं कारणच नसतं. उलट त्याचं आतडं सारखं चालू राहावं लागतं. आधीच हा कमी खात होता. खाणं तुटलं की आतडं थांबतं, आणि थांबलेलं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. नळी माझ्या कानाला लावली. "ऐका. एरवी इथं उकळत्या भातासारखा आवाज असतो."

मी ऐकलं. आत काही नव्हतं. माणसाच्या छातीवर, पोटावर नळी ठेवलेली मी हजार वेळा पाहिली होती, ऐकलं मात्र कधी नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं ते हे.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाय धरले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि कामाला लागले. गवत वाटून, पाण्यात कालवून, पिचकारीनं त्याच्या गालात थेंब थेंब. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटाशी. मी पोट चोळायचं, ते कसं ते त्यांनी दाखवलं. साडेअकराला वैजू शाळेतून धावत आली, तेव्हा ते दारात जाऊन उभे राहिले.

"अजून भुलीत आहे. आज बघायचं नाही. उद्या ये."

"झालं ऑपरेशन?"

"होतंय."

ती माझ्याकडं बघून हसली आणि घरी गेली. मी संध्याकाळपर्यंत चोळत बसले, रविवारी सकाळी परत येऊन चोळत बसले. चुन्या दात खात होता. डॉक्टर म्हणाले, दुखतंय म्हणून खातो. दुपारी बाराच्या सुमाराला तो माझ्या मांडीवर ताठ झाला आणि ओरडला. ससा ओरडतो हे मला ठाऊक नव्हतं. माणसाच्या पोरासारखा ओरडला, एकदाच, आणि मान टाकली.

डॉक्टरांनी गरम पाण्याची बाटली काढून बाजूला ठेवली.

"मुलीला काय सांगणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"ती माझ्याशी बोलायला लागून दोन महिने झालेत," मी म्हणाले.

मी त्यांच्याकडं काही मागितलं नाही. पण ते वाक्य मी कशासाठी बोलले, ते मला ठाऊक आहे आणि त्यांनाही कळलं.

ते उठले. हात धुतले, साबण लावून कोपरापर्यंत, थिएटरमध्ये धुतात तसे. चुन्याला माझ्या मांडीवरून उचलून पांढऱ्या चादरीवर ठेवलं. गळ्याखालचे केस कातरले.

"तबक धरा," ते म्हणाले.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी तबक धरलं.

मेलेल्या सशाचं ऑपरेशन त्यांनी अर्धा तास केलं. घाई केली नाही. गळू मुळासकट काढलं, दह्यासारखा पू पुसून घेतला, जखम धुतली, आतून शिवली, बाहेरून शिवली. बाहेरचे नऊ टाके. इतके बारीक टाके आमच्या मोठ्या सर्जननंही घातलेले मी पाहिले नव्हते. मी चिमटा देत होते, कात्री देत होते, बोळा देत होते. त्यांचा हात एकदाही थबकला नाही. शेवटी त्यांनी स्वच्छ पट्टी बांधली आणि चुन्याचे डोळे बोटानं मिटवायला बघितले. सशाचे डोळे मिटत नाहीत.

"आता आणा तिला," ते म्हणाले.

वैजूनं आधी पट्टी पाहिली. तिला वाटलं, झोपलाय. तिनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मग तिनं हात लावला.

"भुलीतून उठला नाही," डॉक्टर म्हणाले. "माझा अंदाज चुकला. भूल जास्त झाली."

वैजू त्यांच्याकडं वळली. रडत नव्हती. "आज्जीनं बरोबर आणला होता त्याला. आज्जीनं सगळं बरोबर केलं होतं."

"हो."

"तुम्ही मारलात."

"हो."

"दस्तगीरचाचा म्हणाले होते. तुम्ही हजार ससे मारलेत. तुम्हाला सवय हाय."

डॉक्टर टेबलाच्या कडेला हात टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. आता नाही सांगत. बोलायला मला कुणी बघायची गरज नव्हती. मी त्या खोलीत उभी होते, माझं तोंड बंद होतं आणि माझी नात मला येऊन बिलगली. मी तिला जवळ घेतलं.

त्या दिवसापासून पोर माझी झाली. पुरती. आईचं नाव काढेना. शाळेत मात्र तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि किल्ला भागातली पोरं त्या फाटकावरून जाताना "ससेमारू! ससेमारू!" असं ओरडून पळायला लागली. मी कामावर जायचा रस्ता बदलला.

पंधरा दिवसांनी मी एकदा गेले. डॉक्टरांनी दार अर्धंच उघडलं.

"मी पोरीला खरं सांगते," मी म्हणाले.

"तिची आई तिला नेणार आहे?"

"न्हाई. तिला दिवस गेलेत म्हणून निरोप आला."

"मग तिला राहिलं कोण?"

मी मागं वळून फाटकाकडं बघितलं.

"राहू द्या. माझ्या नावावर पुष्कळ आहेत. त्यात हा एक." दार लावता लावता ते थांबले. "अक्षरं मात्र शिका. तुमच्या वॉर्डात माणसं असतात."

ते राहू द्या म्हणाले म्हणून मी गप्प बसले, असं नाही. मी जाताना वाटेतच देवाला म्हणत होते की ते राहू द्या म्हणोत.

दोन वर्षांनी इस्पितळातल्या आयांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला, त्यात मी नाव घातलं. त्रेपन्न वर्षांची होते. वैजूला सांगितलं, दुसऱ्या आयांना शिकवायला जाते. जोडाक्षरं जमायला लागली तेव्हा एके दुपारी मी तो कागद काढला. पहिल्या तीन ओळींना बराच वेळ लागला. नखं कापून आणा, टोपलीत ऊबदार कापड घाला, असं काहीबाही होतं. चौथी एका दमात वाचली. मग कागद चुलीत घातला, वैजू आता हाताला लागेल तो कागद वाचायची म्हणून.

डॉक्टर वारले तेव्हा वैजू पंधरा वर्षांची होती. आम्ही तोवर इस्पितळाची खोली सोडून कृष्णा घाटाच्या रस्त्याला राहायला आलो होतो. सकाळी मी तांदूळ निवडत होते आणि वैजू खिडकीशी वेणी घालत होती.

"आज्जी, बघ. मयत चाललंय."

मी उठून बघितलं. पुढं मडकं धरलेला एक माणूस, मागं तिरडीला चार माणसं, तीही भाड्यानं आणल्यासारखी, आणि शेवटी काठी टेकत दस्तगीरभाई. एकटा मुसलमान म्हातारा डोक्यावर रुमाल बांधून चालला होता. त्यांना बघितल्यावर मला कळलं, तिरडीवर कोण आहे ते. वैजूलाही कळलं.

"तोच," ती म्हणाली. "ससेमारू." वेणीचा पेड तिच्या हातात तसाच राहिला. "बरं झालं. माणूसच न्हाई आला एक पण."

चार माणसांच्या खांद्यावरची तिरडी हळूहळू पुढं गेली. मी खिडकीचे गज धरून उभी होते. खाली उतरावं, दस्तगीरभाईंच्या शेजारून चार पावलं तरी चालावं, असं मनात आलं. वीस पायऱ्या होत्या. उतरले असते तर वैजूनं विचारलं असतं, का? आणि मला सांगावं लागलं असतं. मी गज सोडले नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते मला थांबवता येईना.

वैजूनं ते पाहिलं. तिनं वेणी सोडून दिली, मागून येऊन माझ्या गळ्यात हात टाकले आणि हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली.

"आज्जी," ती हलकेच म्हणाली, "अजून आठवतो गं तुला चुन्या?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं माझ्याच पदरानं माझे डोळे पुसले आणि खिडकी लावून घेतली.